रबरी बोय

"बाय, साचो सुको आसा मां?"

सोळा वर्षं झाली त्या हाकेला. शेडच्या पलीकडच्या टोकाकडून, स्टोव्हच्या घरघरीवरून ती आली होती. मी रंगाच्या वाटीतून मान वर न काढता म्हटलं होतं, "आसा." म्हणजे, आहे.

या एका शब्दाने माझ्या भावाचा डोळा घेतला, असं सगळी कांदळवाडी म्हणत होती. म्हणू दे. वाडीचं तोंड खाडीच्या तोंडासारखं असतं, भरती आली की आत, ओहोटी लागली की बाहेर. पण ज्याने म्हणायला नको होतं तो म्हणाला, आणि त्याचा राग मी एक महिना जिभेखाली धरून जगले.

आमचं घर मेस्त्र्यांचं. आबांची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती घडवायची शेड. आषाढात माती यायची, मग एकेका घरातून पाट यायचे आणि त्या पाटांवर गणपती उभे राहायचे. अडतीस घरांचे पाट आमच्याकडे येत. हल्ली एकवीस येतात. उरलेलं वर्षभर ती शेड भालूची. भालू माझा धाकटा भाऊ, तेव्हा चोवीस वर्षांचा, गरवण्याच्या नादापायी वेडा झालेला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून खाडीच्या मुखाशी गळ टाकायचा आणि मावळतीला चिखलाने माखून, बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी, गात गात घरी यायचा.

पुण्या-मुंबईहून गरवायला येणारे पाहुणे रबराचे मासे घेऊन यायचे. मऊ, लवलवते, शेपटी हलवणारे. एखाद्या तांबोशी माशाने शेपटी तोडली की ते तिथेच फेकून द्यायचे. भालूने ते तुकडे वेचून डबाभर जमवले. स्टोव्हवर जुन्या टोपात वितळवून, प्लास्टरच्या साच्यात ओतून, तो स्वतःचे मासे करायला लागला. साचा कशाचा, तर खऱ्या बोयीचा. खाडीतली वीतभर बोय आणून, ओल्या प्लास्टरमध्ये अर्धी दाबून त्याने तो उठवला होता. खवलं न् खवलं उमटलं होतं.

रंग माझे. गणपतीच्या मुकुटाला लावायची मोतिया पावडर पोटाला, शेवाळी हिरवा पाठीला, कल्ल्याखाली चिमूटभर लाल. रंग आधी वाटीत कोमट रबरात घोळवायचा, मग थरांनी ओतायचा. घाई केली की पाठ पोटात उतरते आणि मासा आजारी दिसतो. घोटताना मी गुणगुणायचे, माझंच काहीतरी जुळवलेलं:

पोट तुझा रुप्याचा, पाठ तुझी शेवाळाची,
बोये, वाट धर गो चोणकाच्या घराची.

चोणक म्हणजे बोयी गिळणारा मोठा मासा, भालूला तोच हवा होता. तो हसायचा. "चोणकाक तुझी गाणी कळतत काय गो, बाय?"

"तुझी शिसां कळतत काय?"

इथेच त्याचं घोडं अडलं होतं. शिसं. फाटक्या पागाची, फेकायच्या जाळ्याची, शिसं काढून, वितळवून तो बोयीच्या डोक्यात वजन घालायचा. पाण्यात सोडली की बोय डोक्यावर पडायची.

"चोणक काय खुळो आसा?" तो चिडून म्हणायचा. "टकली खाली घालून चलणारी बोय तेना जन्मात बघूक नाय. शिसा टकलेत नको, पोटात व्हया. पातळ, लांब, चवळीच्या शेंगेसारख्या."

पोटातल्या त्या शिशासाठी त्याने नवे दोन साचे केले. प्लास्टरचेच, बोटभर लांबीचे, दोन पाळ्यांचे, पुस्तकासारखे उघडणारे. रबर ओतायला साचा थोडा ओलसर असला तरी चालून जातं, मासा खडबडीत निघतो एवढंच. शिशाला चालत नाही. उकळतं शिसं ओलाव्याला लागलं की वाफ होऊन उसळतं. म्हणून साचे सुकवण्याचं काम माझ्याकडे होतं. पावसाळी हवेत ऊन कुठलं? चार दिवस मी ते चुलीवरच्या फळीवर ठेवले, रोज उलटे केले. आणि रोज गालाला लावून पाहिले. ओलं प्लास्टर गालाला थंड लागतं, कितीही सुकं दिसलं तरी. हे मला आबांनीच शिकवलं होतं, मी आठ वर्षांची असताना.

श्रावण लागायला तीन दिवस उरले होते. आबांचा नियम होता. "श्रावण लागलो काय ह्या सगळा भायर. देवाच्या शाळेत मासळी नको." भालूला तीन दिवसांत नवी बोय पाण्यात बघायची होती. गढूळ पाण्याला चोणक खाडीच्या मुखाशी येतो, तेही याच दिवसांत.

त्या गुरुवारी सकाळी मी साचे गालाला लावले. गरम होते. आईच्या पाठीसारखे गरम. चारही पाळ्या उघड्या करून मी शेडमधल्या फळीवर मांडल्या आणि ब्रश धुवायला विहिरीवर गेले. भालू रॉकेल आणायला गेला होता. मी परत आले तेव्हा भिंतीशी पहिला पाट टेकलेला दिसला, वर अक्षता. वाडीचे मानकरी गावकार, त्यांचा मानाचा पाट, दोन दिवस आधीच आलेला. आबा ओसरीवर पान जुळवत बसले होते. मी त्या पाटाला नमस्कार केला आणि रंगाला बसले.

मग भालू आला. स्टोव्ह पेटला. मग ती हाक आली. मग मी ते म्हटलं.

आवाज फारसा झाला नाही. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा, फक्त मोठा. भालू दोन्ही हात तोंडावर घेऊन मागे पडला. आबा धावत आत आले, कोपऱ्यातल्या देवापुढचा तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडावर ओतायला गेले. तांब्या रिकामा होता. मी हंडा आणला. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की डावा डोळा राहणार नाही. भालूला गोव्याच्या इस्पितळात महिनाभर ठेवलं. आबा जात-येत राहिले. मला जाऊ दिलं नाही, शाळेत माती पडली होती म्हणून. शेडमध्ये मी आणि मातीचे गणपती.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी गावकार आले. बाबल गावकार, सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात छत्री. स्टोव्ह अजून तिथेच होता. त्यांनी तो छत्रीच्या टोकाने जरा लांब ढकलला.

"देवाच्या शाळेत ह्यो मासळीचो खेळ, शांताराम. माझो पाट इलो त्याच दिवशी. दोष असतलो कायतरी."

आबा चटकन म्हणाले, इतके चटकन की माझा हात मातीत थांबला. "दोष कसलो, गावकारानू? चेडवाक एक काम सांगलेला. एक. साचो सुकव. ताय जमला नाय. निष्काळजीपणो, आणखी काय नाय." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"आबा, मी गालाक लावन बघलंय. सुको होतो."

"सुको साचो उडता काय?"

गावकार माझ्याकडे बघत राहिले, मग छत्री उघडून गेले. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. विहिरीवर बायका माझ्याशी गोड बोलायला लागल्या. शिव्यांपेक्षा ते गोड बोलणं जास्त लागायचं.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मलाही संशय यायला लागला. गाल लावला होता का मी चारही पाळ्यांना? की तीनच? दुपारी माती मळताना, भात ढवळताना, मी तो एक शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा उच्चारून बघायचे. आसा. आसा. सवयीने म्हटलं होतं का? माझ्याच जिभेवरचा माझा विश्वास उडाला. माणसाची वस्तू चोरीला जाते तसा माझा शब्द चोरीला गेला होता.

पंधराव्या दिवशी फळी साफ करायला घेतली. फुटलेल्या साच्याचे तुकडे आबांनी कधीच खाडीत टाकले होते. दुसरा साचा फळीच्या मागे सरकला होता, तसाच उघडा. मी उचलला. त्याच्या पोकळीत, शिसं जिथे ओतायचं तिथे, एक पान चिकटलं होतं. सुकून काळं पडलेलं. नखाने उचलून नाकाशी धरलं.

तुळस.

मी तिथेच खाली बसले. शाळेत तुळस एकाच वाटेने येते. पाट यायच्या आधी किंवा पाट आला की जागा शुद्ध करायची, तांब्यातल्या पाण्यात तुळशीचं पान घालून शिंपडायचं. आणि ते बाईच्या हाताने होत नाही. त्या दिवशी सकाळी तांब्या मीच भरून देवापुढे ठेवला होता, काठोकाठ. भालू ओरडत होता तेव्हा तो रिकामा होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कानशिलं तेवढी तापली, स्टोव्हजवळ बसल्यासारखी.

आबा संध्याकाळी गोव्याहून आले. मी पान तळहातावर ठेवून पुढे धरलं.

"ह्या काय, आबा?"

"तुळशीचा पान."

"साच्यात खयसून इला?"

"वाऱ्यान इला असतला."

"वारो दार उघडून इलो? आणि तांब्यो पिऊन गेलो?"

"वेणू, तोंड सांभाळ."

"तांब्यो रिकामो होतो. भालू आरडत होतो आणि तुमी तांब्यो उचललात, रिकामो होतो. सकाळी मी भरून ठेवलेलंय. पाणी खंय गेला, आबा?"

ते खाली बसले. वहाणा काढल्या, एकावर एक ठेवल्या. मला वाटलं, आता बोलतील. आता.

"अडतीस घरांचे पाट आसत माझ्याकडे," ते म्हणाले. "देवाच्या पाण्यान डोळो गेलो असा झाला, तर एक घर परत येवचा नाय. खाडीपलीकडच्या शाळेत जातले सगळे."

"आणि मी?"

"तुझा काय? चार दिवस बोलतले, विसारतले."

एवढं बोलून ते पाय धुवायला गेले. मी पान काडेपेटीत ठेवलं.

त्याच रागात मी दुसरा साचा उचलला. पुन्हा चार दिवस चुलीवर. पुन्हा गाल. श्रावण लागला होता. शेडमध्ये मासळी चालणार नव्हती, म्हणून मागच्या पडवीत, भर पावसात, स्टोव्ह पेटवला. मी कधी शिसं ओतलं नव्हतं. डोळ्यांवर भालूचा पोहण्याचा जुना चष्मा बांधला, पळी धरली. ओतलं. काही झालं नाही. शिसं शांतपणे साच्यात बसलं, जसं दूध वाटीत बसतं. थंड झाल्यावर उघडलं तर लांब, पातळ, चवळीच्या शेंगेसारखं. त्याच्याभोवती रबर ओतलं, पोट मोतिया, पाठ शेवाळी. गुणगुणले नाही. बोयीला डोळे काढले नाहीत. बादलीत सोडली, तर बोय पाण्यात आडवी, सरळ, जिवंत मासा थांबतो तशी थांबली. शेपटी आपोआप हलत होती.

भालू घरी आला तेव्हा चतुर्थीला सहा दिवस होते. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. ओसरी चढताना पायरी चुकला, मी हात दिला, त्याने घेतला नाही.

"वेणू, सर."

वेणू. जन्मापासून त्याने मला बायच म्हटलं होतं.

मी बोय त्याच्या उशाशी ठेवली. त्याने ती उचलली, बोटावर तोलून पाहिली. त्याला कळलं, वजन कुठे आहे ते. पण चेहरा तसाच.

"कोणी केल्यान?"

"मी. दुसऱ्या साच्यात. साचो तसोच सुकयलंय, भालू. त्याच दिवशी सुकयलेलंय तसो."

"मगे पयलो कसो उडालो?"

माझ्या ओठांवर आलं होतं. काडेपेटी साडीच्या ओच्यात होती. पण मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. आपली कातडी वाचवायला बापावर ढकललं, असं. पानाची साक्ष कोण मानतो? मला ते आबांच्या तोंडून हवं होतं.

"डोळो गेलो तेचा इतक्या नाय माका," भालू छताकडे बघत म्हणाला. "तू आसा म्हणालंस आणि मी हात पुढे केलंय. आता कोणाच्या शब्दार हात पुढे करू, सांग."

आबा दाराशी उभे होते. ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "पोराक पेज दी," आणि निघून गेले.

त्या क्षणी माझं ठरलं.

एक गोष्ट वाडीला माहीत नव्हती. तीन वर्षांपासून आबांचा हात कापत होता. माती, अंग, रंग जमायचे. डोळ्यांची आखणी जमत नव्हती. शून्य नंबरचा ब्रश, एक श्वास, एक रेघ. ती गेली तीन वर्षं दार लावून मी काढत होते, आणि गाव म्हणत होतं, शांताराम मेस्त्र्याच्या गणपतीचे डोळे बघत राहावेसे वाटतात.

आखणी नेहमी शेवटी. हरतालिकेच्या दिवशी सकाळी अडतीस गणपती रंगून तयार होते, सगळे कोऱ्या डोळ्यांनी समोर बघत. मी ब्रश धुतले, पुसले, डब्यात ठेवले आणि डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले.

"बस गो आखणीक," आबा म्हणाले. "दुपारी न्हेवक येतले."

"भालूक सांगा, मगे बसतंय."

"काय सांगू?"

"तुमका ठावक आसा. गावाक नको, आबा. भालूक एकट्याक. आत जावा, सांगा, परत या. मी सगळे डोळे काढून देतंय, कोणाक कळाचा नाय."

त्यांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता, तेव्हा उगारला. तो हवेत कापत राहिला.

"देवाक अडवतंस?"

"देवाक नाय. तुमका."

"बापाचा नाक कापून तुका काय गावताला?"

"माझा 'आसा' गावताला."

त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा हिसकावला. गावकारांच्या मोठ्या गणपतीपुढे पाटावर बसले, ब्रश काळ्या रंगात बुडवला, उजव्या हाताचं मनगट डाव्याने धरलं. मी उंबऱ्यातून बघत होते. रेघ सुरू झाली, पापणीवरून उतरली, आणि गालावर ओघळली. त्यांनी फडक्याने पुसली. पुन्हा काढली. पुन्हा पुसली. गाल राखी झाला. मला उठावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. लहानपणी त्याच हाताने माझं बोट धरून पहिला डोळा काढून घेतला होता. पण आतल्या खोलीत भालू खोकला, आणि मी बसून राहिले.

तेवढ्यात बाहेर झांजा वाजल्या. गावकार, त्यांचे दोन मुलगे, डोक्यावरून न्यायची टोपली. वेळेच्या आधी. झांजांच्या आवाजाने भालूही उठून मधल्या दाराला टेकून उभा राहिला. हातात ती बोय होती, चाळा म्हणून शेपटी दाबत होता.

गावकार उंबऱ्याशी आले. मी बाजूला झाले. त्यांनी आपल्या गणपतीला हात जोडले, मान वर केली, आणि हात तसेच राहिले.

"शांताराम. डोळे खंय?"

गावकारांनी एकामागून एक सगळ्या रांगा पाहिल्या. अडतीस कोरी तोंडं. "हरतालका आसा आज. उद्या चवथ. डोळे खंय, मेस्त्री?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला शिवी दिसली आणि विनवणीही. मी डोळे खाली घेतले नाहीत. अजून वेळ होती. ते म्हणू शकले असते की चेडवाने रंग सांडला, की पोराच्या आजारपणात राहून गेलं. चेडू हाताशी होतंच, आणखी एक दोष घ्यायला.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. हळूच, पाटाच्या कडेला, खाली पडणार नाही असा.

"डोळे माझ्या हातचे नाय, गावकारानू," ते म्हणाले. "तीन वर्सां झाली. वेणू काढता."

गावकारांचा थोरला मुलगा काहीतरी बोलायला गेला. म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं. आबा उठले. गावकारांकडे पाठ करून मधल्या दाराकडे वळले. भालू एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होता. बोयीची शेपटी त्याच्या बोटांत हलायची थांबली होती.

"भालू," आबा म्हणाले, "साचो सुको होतो. गावकारांचो पाट इलो, मासळीची जागा म्हणान मी तुळशीचा पाणी मारलंय. सगळ्यार. फळयेर, साच्यार. तांब्यो रिकामो बघितलंय तेवाच माका समाजला. तिना आसा म्हटल्यान, ता खरा होता."